डिस्चार्जच्या वेळी रुग्णाशी बोलताना या चुका टाळा

डिस्चार्ज मिळाला की नातेवाईक बिलिंग काउंटर, मेडिकल आणि वॉर्ड यांच्यात धावत असतो, अक्कलकोटची किंवा मंगळवेढ्याची एसटी चुकेल म्हणून त्याचा जीव खालीवर होत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण वॉर्डातले कर्मचारी त्याच्या हातात फाईल देऊन सात-आठ गोळ्यांची माहिती एका दमात सांगून मोकळे होतो. त्यातले फारसे काही त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून उद्या सुट्टी होणार असे कळले की औषधांबद्दल आदल्या संध्याकाळीच बोलावे आणि निघताना फक्त उजळणी घ्यावी.

आपण बोलतो कोणाशी, हेही तपासावे. बिल भरणारा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि घरी गोळ्या देणारी सून वॉर्डात आलेलीच नसते. ‘घरी औषध कोण देणार?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि ती व्यक्ती नसेल तर तिच्याशी फोनवर बोलावे.

सर्वाधिक नुकसान मात्र ‘समजले ना?’ या प्रश्नाने होते, असे माझे ठाम मत आहे. डॉक्टर-सिस्टरांसमोर ‘नाही समजले’ म्हणायला आपली माणसे संकोचतात आणि मान डोलावतात. त्याऐवजी, ‘आजी, मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे, रात्री जेवल्यावर यातली कोणती गोळी घ्याल, दाखवा बरं,’ असे म्हणून पाकिटे त्यांच्यासमोर ठेवावीत. आजींनी चुकीचे पाकीट उचलले तर न रागावता तेवढाच भाग वेगळ्या शब्दांत सांगून पुन्हा विचारावे.

सोलापुरात भाषेची अडचण रोजची आहे. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीकडून येणाऱ्या अनेकांना कन्नडच नीट कळते. अशा वेळी सोबतच्या शाळकरी नातवाला दुभाषा करू नये, कारण लघवीच्या नळीची किंवा पाळीची गोष्ट तो सांगूच शकत नाही. ती भाषा जाणणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदर कोणत्या पाळीत आहेत, हे आधीच पाहून ठेवावे.

डिस्चार्ज कार्डावर ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘टीडीएस’ (दिवसातून तीनदा) लिहून काम भागत नाही, आणि ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हटल्यानेही भागेलच असे नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार सकाळी झोपतो. मधुमेहाची काही औषधे घेऊन तो न जेवता झोपला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्याची जेवणाची आणि झोपेची वेळ विचारावी आणि त्याप्रमाणे गोळ्यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवीही मागवून पाहावी. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी घरात असते, आणि नवे सुरू झाले तरी जुने बंद करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा म्हटले की काही जण ते फ्रीझरमध्ये ठेवतात आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते गाडीच्या डिकीत राहिले तरीही बिघडते.

‘काही त्रास झाला तर या’ हे वाक्य तर टाकूनच द्यावे. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला, वजन दोन-तीन दिवसांत 2 किलोने वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला तर त्याच दिवशी दाखवा, असे नेमके सांगावे. छातीत दुखले किंवा श्वास घेणे अवघड झाले तर 108 ला फोन करायचा, हे कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावे. ‘मीठ कमी करा’ म्हणताना शेंगाचटणी, लोणचे आणि पापड यांची नावे घ्यावीत, कारण अनेकांच्या लेखी मीठ म्हणजे फक्त ताटात वरून घेतलेले मीठ. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या रुग्णाला, बरे वाटले म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे कारणासह सांगावे.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत फोन करताना ‘कसे आहात?’ एवढेच विचारले तर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘आज सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या, पाकीट बघून सांगा,’ असे विचारले की एखादे औषध महाग म्हणून घेतलेच नाही, हे बाहेर येते. तसे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून स्वस्त पर्याय विचारावा आणि रुग्णाला परत फोन करावा.