‘ईट, ईट!’ आणि ‘आय कम’ : इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

मालवण तालुक्यात होमस्टे चालवणाऱ्या एक काकू माझ्याकडे शिकायला आल्या, तेव्हा त्यांचं इंग्रजी दोन शब्दांचं होतं. पाहुणा दारात आला की ‘सिट’ आणि ताट मांडलं की ‘ईट, ईट!’ आवाजात माया भरलेली, पण परक्याच्या कानावर पडायचा तो हुकूम. आणि मी पहिल्या दिवशी त्यांना काय शिकवलं? ए फॉर ॲपल. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “मास्तरानू, ॲपल आमच्याकडे खंय गावता? सोलकढी कशी सांगायची ता शिकवा.”

माझी ही पहिली चूक. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, शिकणाऱ्याच्या कालच्या दिवसापासून करा. आता मी नव्या माणसाला आधी मराठीतच विचारतो, की काल गिऱ्हाइकाशी काय काय बोललात? त्यातली दहा वाक्यं वहीत उतरवायची. पहिला आठवडा तेवढीच.

काकूंच्या ‘ईट’चं मूळ त्या वाक्यांत लगेच सापडलं. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो : बस-बसा, जेव-जेवा. इंग्रजी क्रियापदाला ती शेपटी नाही, म्हणून तिथे आदर बाहेरून जोडावा लागतो. ‘जेवा’ म्हणजे ‘प्लीज ईट’ असं शिकवलंत तरी काम अर्धवटच राहतं. आग्रह करायचा तर ‘वुड यू लाइक सम मोर?’ हे ऐकून काकू म्हणाल्या, “तवसर भाकरी थंड होतली!” त्यांचंही खरंच होतं. शेवटी वाढताना ‘सम मोर?’ एवढंच, पण सूर वर नेऊन, यावर तडजोड झाली.

दुसरी चूक मी मोठ्या हौसेने केली होती. वर्गात मराठी बोललं की दहा रुपये दंड, असा डबाच ठेवला होता. डब्यात पैसे काही जमले नाहीत, कारण वर्गात कोणी तोंडच उघडेना. त्याच दिवसांत डॉल्फिन दाखवायला बोट नेणाऱ्या एका मुलाने फेरी संपल्यावर परदेशी पाहुण्यांना हात हलवून ‘ओके, आय कम’ म्हटलं आणि तो घरी गेला. पाहुणे जेट्टीवर अर्धा तास त्याची वाट बघत उभे. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, मालवणीत ‘येतंय हां’. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ शब्दशः होतो. आता ही गोष्ट मराठी न बोलता समजवायची कशी? डबा बंद केला. आणि हो, मुलगा मालवणीत बोलला तर आधी त्याला प्रमाण मराठीत आणू नका. एका शिकवणीत दोन भाषा दुरुस्त करायला निघालात की तो तिसऱ्या दिवशी येत नाही.

मराठी उघड्यावर ठेवली की बऱ्याच चुकांचा उगम दिसतो. ‘माय नियर वन बोट इज’ हे वाक्य लाल शाईने खोडण्यासारखं नाही. ‘माझ्याकडे बोट आहे’ची ती प्रामाणिक नक्कल आहे. मराठीत ‘हॅव’ला सरळ एक क्रियापद नाही. माझ्याकडे बोट आहे, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे : इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘आय हॅव’. ही तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा, नियम मुलंच सांगतात. ‘किती’चं याच्या उलट आहे. आपला एक ‘किती’ तिकडे हाउ मच, हाउ मेनी, हाउ फार, हाउ लाँग असा फुटतो. उदाहरणाला मासे मात्र घेऊ नका. एक फिश, दहा फिश, यात मी स्वतःच वर्गासमोर अडकलो होतो. नारळ आणि पाणी घ्या.

उच्चारांवर फार वेळ घालवू नका. ‘थँक्यू’मधला थ आपला राहिला तरी कोणाचं अडत नाही. ‘व्हेरी’ आणि ‘वेल’ तेवढे आरशात दाखवा. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र मधे टोकण्याची. तोच बोटवाला मुलगा एकदा रंगात येऊन इंजिन भर समुद्रात बंद पडल्याची गोष्ट सांगत होता. ‘आय डिड वेंट’ म्हणाला आणि मी म्हटलं, ‘डिड गो’. तो थांबला. उरलेली गोष्ट त्याने बाहेर पाखाडीवर मित्राला मालवणीत सांगितली, मला ती आजही माहीत नाही. आता मी फक्त ‘ओ, यू वेंट? देन?’ म्हणतो आणि गोष्ट पुढे सरकू देतो. चुका वहीत टिपतो, शेवटी दोनच सांगतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, म्हणजे पंचविशीतल्या पोराने शाळेत किमान आठ-दहा वर्षं इंग्रजी पाहिलेलं असतं. त्याला कोरी पाटी समजू नका. शब्द असतात, ते उच्चारायची भीती असते.

राहिली वेळापत्रकाची चूक. मे महिन्यात वर्ग ठेवू नका, घरात आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात आणि पर्यटकांची गर्दी असते. गणपतीच्या आधीचा आठवडाही सोडा. खरा हंगाम जून-जुलै. मासेमारी बंद, बोटी वर ओढून झाकलेल्या, होमस्टे रिकामे. लाइट जाते, पण वर्ग सुटत नाही. फळा दिसेनासा झाला की नुसतं बोलायचं, आणि अंधारात कोण चुकलं ते दिसत नसल्याने मागच्या बाकावरची माणसंही बोलायला लागतात.