बागेत रोमसारखं पाइनचं बन कसं करायचं

रोमच्या व्हिला दोरिया पाम्फिली पार्कातल्या पाइनच्या बनात शिरलं की आधी उंच तांबूस खोडं दिसतात, मग मान वर केली की एकमेकांना टेकलेल्या हिरव्या छत्र्या, आणि खाली सगळं मोकळं. आपल्याला बागेत हीच मोकळी सावली आणायचीय, बाकी सगळं त्यासाठीच.

झाड घ्यायचं ते अंब्रेला पाइन, शास्त्रीय नाव पायनस पिनिया. पेस्टो या इटालियन चटणीत घालतात त्या बिया याच्याच (चिलगोजा वेगळा, ते हिमालयाकडचं झाड). त्याला पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा अशी हवा लागते, म्हणजे कॅलिफोर्नियात कुणाचं मोठं आवार असेल तर मस्त जमेल.

जागा भरपूर उन्हाची, रेताड, पाण्याचा निचरा होणारी बघा, आणि घरापासून, ड्राइव्हवेपासून चांगली लांब, कारण मुळं वरवर पसरतात, रोममधे तर डांबरी रस्ते उचलून टाकलेत त्यांनी, शिवाय वाळक्या सुया, म्हणजे याची बारीक टोकदार पानं, पेट पण पटकन घेतात.

रोपं लहानच घ्या, कुंडीत मुळं गोल गोल गुंडाळलेली नकोत. पाच किंवा सात लावा, साधारण ८ ते १० मीटरवर, पण ओळीत नको, कुठं दोन जवळ तर कुठं एक लांब असं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात अधूनमधून खोलवर पाणी द्यायचं.

आता धीराचं काम. सुरुवातीची काही वर्षं झाड गोल झुडपासारखंच राहतं, म्हणून घाईनं खालच्या फांद्या छाटू नका, खोड जाड व्हायला त्याच लागतात. नंतर दर हिवाळ्यात खालच्या थोड्याच काढा, आणि शेंडा कधीच कापायचा नाही म्हणजे नाही, छत्री झाड आपली आपण धरतं.

खाली लॉन करू नका, सुयांमुळे ते नीट येत नाही आणि त्याचं रोजचं पाणीही या मुळांना नको. खडी टाका, कडेला रोझमेरी.

आणि दर वसंतात कोवळ्या फांद्या बघत जा. उत्तर अमेरिकेतून इटलीत गेलेल्या एका खवलेकिडीनं नेपल्स आणि रोमची कितीतरी जुनी झाडं वाळवलीत, फार वाईट वाटतं बघून. फांद्या चिकट लागल्या, काळी बुरशी दिसली की लगेच झाडांच्या जाणकाराला बोलवा.