ग्राफीनचा ग्लुकोज सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय? या चुका टाळा

रीडिंग बिघडलं की विद्यार्थी पहिला दोष ग्राफीनला, म्हणजे इलेक्ट्रोडवरच्या कार्बनच्या अतिपातळ थराला, देतात आणि नवं ग्राफीन ऑक्साइड बनवायला बसतात. आठवडा जातो, रीडिंग तसंच. आधी ग्लुकोजची बाटली तपासा.

पावडर पाण्यात टाकून लगेच कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवर सेन्सर जुळवून घेणं) सुरू करणं ही सर्रास होणारी चूक. बाजारात मिळणारं ग्लुकोज बहुतेक अल्फा रूपात असतं, आणि सेन्सरमधलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बीटा रूपावर काम करतं. पाण्यात अल्फाचं बीटा हळूहळू होतं आणि साधारण 36:64 (अल्फा:बीटा) या प्रमाणावर स्थिरावतं. म्हणून ताज्या द्रावणात करंट कमी येतो, दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतून जास्त. द्रावण रात्रभर ठेवा, मगच वापरा. नंतर ते फ्रिजमध्येच हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्यात जंतू वाढतात आणि ग्लुकोज खातात. गढूळ दिसलं की फेकून द्या.

दुसरं, तापमान. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो. सकाळी कॅलिब्रेशन आणि दुपारी नमुना, असं केलंत तर करंट वाढलेला दिसेल आणि तुम्ही तो ग्लुकोजच्या खात्यात जमा कराल. एसी नसेल तर 25 अंशांचा हट्ट सोडा, वॉटर बाथ 37 वर लावा. उन्हाळ्यात गार करण्यापेक्षा गरम ठेवणं सोपं, शिवाय ते शरीराचं तापमान आहे. प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा.

इलेक्ट्रोडवर टाकलेला थेंब पंख्याखाली वाळवू नका, कडेला कडं जमतं. वर पेट्री डिश झाका.

एन्झाइमच्या क्रियेतून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड 0.6 व्होल्टच्या आसपास मोजत असाल तर व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड आणि पॅरासिटामॉलही तिथेच करंट देतात. नॅफिऑन या पॉलिमरचा थर ऋणभारित असल्याने पहिल्या दोघांना बऱ्यापैकी अडवतो; पॅरासिटामॉलवर भार नसतो, ते सहज आत शिरतं. प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्या.

आणि करंटच्या आलेखात उणे 0.45 व्होल्टजवळ शिखर दिसलं म्हणून 'एन्झाइमशी थेट इलेक्ट्रॉन देवाणघेवाण झाली' असं प्रबंधात लिहू नका. एन्झाइममधून सुटलेलं एफएडी (एन्झाइमचा इलेक्ट्रॉन वाहणारा भाग) सुद्धा तसंच शिखर देतं. द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढा, मग ग्लुकोज घाला. ऑक्सिडेशनचा करंट वाढला नाही, तर तो दावा खोडा.