बोनान्झाचा 'द फिअर मर्चंट्स' एपिसोड कसा बघायचा

बोनान्झा ही जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या कार्टराईट कुटुंबाची टीव्ही मालिका, तिचा हा १९६० चा एपिसोड चिनी लोकांबद्दलच्या द्वेषावर आहे, गोळीबाराच्या आशेने बघू नका, लोकांची बोलणी ऐकायला बसा. आधी एवढं माहीत असू द्या की १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने चिनी माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष चालणार नाही असं ठरवलं होतं आणि १८८२ ला तर अमेरिकन सरकारने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली, म्हणजे एपिसोडमधली भीती उगाच रंगवलेली नाहीये.

मग बघताना मेयरच्या निवडणुकीला उभा राहिलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा, तो लोकांच्या मनात चिन्यांची भीती कशी भरतो ते नीट बघा, मला तर सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. नंतर कार्टराईट घराकडे वळा. घरातला बाप बेन, त्याच्या तिन्ही मुलांची आई वेगवेगळी, तरी घर एक, आणि चिनी स्वयंपाकी हॉप सिंग त्याच घरात राबतो पण तो घरचा की नोकर? हा प्रश्न मनात ठेवूनच बघा, कारण हॉप सिंगचं काम करणाऱ्या व्हिक्टर सेन युंगला इतर एपिसोडमध्ये बहुतेक वेळा विनोदापुरतंच वापरलंय आणि ते खटकतंच.

मुलं सोबत असतील तर मध्येच थांबवून विचारा, आत्ता खोटं कोण बोललं आणि गप्प कोण बसलं?