औषध मारूनही भुंगेरे जिवंत? मात्रा वाढवण्याआधी या चुका टाळा

गोदामात फवारणी झाली आणि चार दिवसांनी थप्पीवर पुन्हा तांबडे भुंगेरे फिरताना दिसले, की नागपूरच्या कळमना धान्यबाजारात पहिला संशय औषधावर जातो. दुसऱ्या खेपेला मात्रा दुप्पट होते. कृपा करून हे करू नका. पुष्कळदा दोष औषधात नसून हवा, भिंत आणि धूळ यांत असतो.

सगळ्यांत महागात पडते ती बारमाही एकच औषध वापरण्याची सवय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. गोदामात फवारल्या जाणाऱ्या मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा जोर उष्णतेत वाढतो, पण त्याच उष्णतेत ते लवकर विरतं. धान्य दमट असेल तर आणखी लवकर. डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या कीटकनाशकाचं सहसा उलट असतं. गारव्यात ते जास्त मारक. उकाड्यात किडा उताणा पडतो, पण विष पचवून पुन्हा चालू लागतो. म्हणून फवारल्याबरोबर मेलेले मोजू नका. उताणे किडे स्वच्छ बरणीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

चुना दिलेल्या किंवा नव्या सिमेंटच्या भिंतीवर मॅलॅथिऑन फार टिकत नाही, कारण तो पृष्ठभाग अल्कधर्मी असतो. कोपऱ्यातला भुसा आणि पीठ औषध शोषतात, वर भुंगेऱ्याला सावरायला खाद्यही मिळतं. आधी झाडू, मग पंप.

फॉस्फिनच्या धुरीत, म्हणजे थप्पी ताडपत्रीने झाकून गोळ्यांतून निघणाऱ्या विषारी गॅसने कीड मारताना, घाई सर्वांत घातक. थंडीत कीड श्वास कमी घेते, त्यामुळे तेवढाच गॅस असला तरी जास्त दिवस लागतात. अंडी आणि कोष तर मुळातच चिवट. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या गर्दीत सुप्तावस्थेत जातात, त्यांना मारणं त्याहून कठीण. ताडपत्री फाटकी असली किंवा लवकर काढली, तर वाचतात ते सगळ्यांत चिवट किडे, आणि तो चिवटपणा त्यांच्या पिल्लांत उतरतो. मग पुढची धुरी गरम ऋतूत दिली तरी फारसा उपयोग नाही. हे काम परवानाधारकाचंच. घरात या गोळ्या कधीही ठेवू नका, तो गॅस माणसाचाही जीव घेतो.

घरच्या गव्हाला नवतप्याचं, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाळ्याचं, ऊन पुरतं, फक्त थर पातळ हवा. जाड थरात किडे खालच्या गारव्यात लपतात. सोंडे ५० अंशांच्या वर फार काळ तग धरत नाहीत. वाळलेला गहू गरम असतानाच कोठीत भरला तर आत घाम सुटतो. रात्रभर गार होऊ द्या, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे ना ते पाहा, मगच झाकण लावा.