नायिकेच्या मनात किती शिरायचं?

पहिली कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाची एक खोड असते. पात्राच्या मनात येईल ते सगळं कागदावर ओतायचं. दहा पानांत नायिका पुरती कळते आणि अकराव्या पानावर वाचक चहा करायला उठतो. कुठलं दार उघडं ठेवायचं आणि कुठल्या दाराला कडी लावायची, हे आधी ठरवलेलं बरं. त्यासाठी एक पात्र घेऊ. सुमनताई, वय साठ, मुलगा बाळू परगावी. रोज रात्री आठला त्याचा फोन यायचा. महिना झाला, येत नाही.

१. कडीमागे काय आहे ते स्वतःपुरतं लिहून ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर एकच वाक्य लिहा: नायिका स्वतःशीसुद्धा काय कबूल करत नाही? सुमनताईंचं वाक्य असं: 'पुन्हा फोन करू नकोस' असं त्यांनीच बाळूला सांगितलंय. कादंबरीत ते कदाचित कधीच येणार नाही, पण प्रत्येक प्रसंग त्याला वळसा घालून जाईल. लेखकालाच ते ठाऊक नसेल, तर वाचकाच्या वाट्याला नुसतं धुकं येतं.

२. सांगणारा निवडा. 'मी' घेतला की मन आपोआप उघडतं, असं अनेकांना वाटतं. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीतला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पानोपानी स्वतःबद्दलच बोलतो, पण 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द ढालीसारखे पुढे धरून. जिव्हारी लागेल असं काही आलं की 'वगैरे' म्हणून हसण्यावारी न्यायचं. म्हणूनच धाकटी बहीण मनी जाते तेव्हा थट्टेचा तो सूर टिकत नाही आणि पुढचं वाचवत नाही. 'बनगरवाडी'तला (१९५५) तरुण मास्तरही 'मी'च म्हणतो, पण त्याची नजर सतत बाहेर असते: मेंढरं, धनगर, तालीम, दुष्काळ. त्याला काय वाटलं, ते त्यानं काय पाहिलं यावरून ओळखायचं.

तिसरी तऱ्हा 'सावित्री'ची (१९६२). कादंबरीभर नुसती पत्रं, आणि सगळी सावित्रीचीच. ज्याला लिहिली त्याची उत्तरं पुस्तकात नाहीतच. ती वाचकानं मनात रचायची. मराठीत याहून देखणं झाकणं मी तरी पाहिलेलं नाही.

'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात. एकानं झाकलेलं दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडतं. पहिल्याच कादंबरीत हा घाट घालू नका. तीन आवाज वेगळे काढताना भल्याभल्यांची दमछाक होते.

३. 'असं वाटलं' खोडा. 'तो आता फोन करणार नाही, असं सुमनताईंना वाटलं.' याऐवजी: 'तो आता फोन करणार नव्हता. कशाला करेल?' हा प्रश्न निवेदकाचा की सुमनताईंचा? सांगता येत नाही, आणि गंमत तिथंच आहे. मात्र पानभर हेच केलं तर गंमत जाते.

४. हाताला काम द्या. 'आठ वाजले. सुमनताईंनी वातींचा कापूस काढला. शंभर वाती वळून झाल्या. घड्याळाकडे न बघता त्यांनी आणखी कापूस घेतला.' यापुढे 'त्या फार एकाकी होत्या' असं जोडायचा मोह होईल. माझ्या जुन्या वह्या अशा वाक्यांनी भरल्यात.

५. हाक बदला. अरे, अहो, तू, तुम्ही: मराठीत एवढ्याशा शब्दात नातं हलतं. जन्मभर 'अरे बाळू' म्हणणारी आई अखेर फोन लावते आणि विचारते, 'कसे आहात तुम्ही?' तुम्ही म्हणजे तो आणि सून, की तो एकटाच, परका झालेला? बाळूलाही कळत नाही. तो 'बरे आहोत' म्हणतो.

६. पानं दुसऱ्याला वाचायला द्या. फक्त एवढंच विचारा: सुमनताई काय लपवतायत? पन्नासाव्या पानावरच त्याला तुमच्या वहीतलं वाक्य जसंच्या तसं सांगता आलं, तर दार फार उघडं राहिलंय. 'लपवतायत? मला नाही वाटलं' म्हणाला, तर तिथं दार आहे हेच त्याला दिसलेलं नाही. 'काहीतरी आहे, पण बाई बोलत नाहीत' म्हणाला, तर पुढचं प्रकरण लिहायला घ्या.