लस दिल्यावर गाठ आली तर काय बघायचं, कधी धावायचं

लस टोचून आणलेल्या मांजराच्या अंगावरून हात फिरवताना कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ लागली की पोटात गोळा येतोच. माझ्याकडे एक कुत्री आणि दोन मांजरं आहेत, शिवाय घर मिळेपर्यंत सांभाळायला आलेली पिल्लं असतातच. त्यामुळे अशी गाठ माझ्या हाताला बऱ्याचदा लागली आहे. बहुतेक वेळा ती आपोआप विरते. विरत नाही ती वेळेत ओळखायची, तर सुरुवातीपासून नोंद ठेवावी लागते.

पण गाठीच्या आधी पहिले काही तास सांभाळा. लस शक्यतो सकाळी द्या, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. जिवावर बेतणारी ॲलर्जी बहुतेकदा काही मिनिटांत ते काही तासांत दिसते. कुत्र्यांमध्ये अचानक उलट्या, जुलाब, पाय लटपटणं, कोसळणं. मांजरांमध्ये जास्त करून श्वासाचा त्रास, तोंड उघडं टाकून धापा. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या असतील तर फोनवर चर्चा करत बसू नका, निघा. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते घरी नसतं.

माझ्या कुत्रीला, चिंगीला, एकदा चेहऱ्यावर सूज आली होती. घरी आल्यावर आधी ती नाक जमिनीवर घासायला लागली. मग पापण्या फुगून डोळे बारीक झाले, ओठ जाड झाले आणि पोटावर केस विरळ असतात तिथे गांधी उठल्या. श्वास व्यवस्थित होता, तरी लगेच परत नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि रात्रीपर्यंत सूज ओसरली. अशी सूज बरी होते. पण ती पुढे वाढणार की थांबणार हे घरी बसून कळत नाही, म्हणून दाखवायचीच.

दिवसभर मलूल असणं, थोडी कणकण, जेवणाकडे पाठ, टोचलेला पाय जपून टाकणं हे मात्र चालतं. एक-दोन दिवसांत गाडी रुळावर येते. तोवर झोपू द्या, पाणी जवळ ठेवा. दोन दिवसांनंतरही जनावर खात नसेल तर दाखवा. आणि कळकळीने सांगते, घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेन कुत्र्या-मांजरांना दोघांनाही घातक आहे.

आता गाठ. लसीला शरीर त्या जागी प्रतिसाद देतं, त्यातून लहान, घट्ट, न दुखणारी गाठ तयार होते. ती साधारण दोन-तीन आठवड्यांत कमी होत जाते, कधी थोडा जास्त वेळ घेते. चोळू नका, पिळू नका. गरम लागणारी, दुखणारी, मऊ पडत चाललेली किंवा पू येणारी गाठ म्हणजे गळू असू शकतं. ते त्याच दिवशी दाखवा.

मी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पट्टी लावून गाठ मोजते. लांबी, रुंदी, हलते की खाली चिकटली आहे, हे तारखेसह लिहिते आणि पट्टीसकट फोटो काढते. नुसत्या आठवणीवर ‘तेवढीच वाटतेय’ असं म्हणण्यात महिने निघून जातात.

मांजरांच्या बाबतीत हे मोजमाप फार महत्त्वाचं. इंजेक्शनच्या जागी होणारा सार्कोमा हा कर्करोग दुर्मीळ आहे, साधारण दहा ते तीस हजार लसवंत मांजरांत एखाद्याला होतो. पण झाला तर चिवट असतो. त्यासाठी ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: लसीनंतर ३ महिन्यांनीही गाठ असेल, २ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा १ महिना उलटल्यावरही वाढत असेल, तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. तीनपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. ‘लहानच आहे, काढून टाकू’ असं कोणी म्हटलं तर आधी तुकडा तपासायचा आग्रह धरा. या गाठीचे धागे आजूबाजूला पसरलेले असतात, त्यामुळे पहिल्याच शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा भरपूर भाग काढावा लागतो. मांजराला लस मानेवर न देता पायावर, शक्य तितकी खाली द्यायला सांगतात तेही यासाठीच: वेळ आलीच तर पाय काढून जीव वाचवता येतो. तीन पायांवर मांजर छान जगतं.

लसीच्या कार्डावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि कोणत्या पायाला टोचली हे लिहून घ्या. त्रास झाला असेल तर तोही त्याच पानावर, ठळक. २००५ साली अमेरिकेत बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा हजारांत साधारण ३८ जणांना पहिल्या तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेला दिसला. लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच वेळी जास्त लसी दिलेल्यांत तो जास्त होता. म्हणून चिंगीच्या लसी आता काही आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या देतो, आणि डॉक्टर आधी ॲलर्जीचं औषध देतात. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांसाठी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून लस पुढे ढकलता येते का, हेही विचारा. रेबीजची लस मात्र आपल्या मनाने टाळू नका. पुढचा डोस कसा आणि कुठे द्यायचा, ते कार्ड समोर ठेवून डॉक्टरांशी बोलून ठरवा.